बाळंतपणातले निर्णय आणि संशोधनाचे आकडे: कुठे शोधायचं, कसं वाचायचं, काय विचारायचं

बहिणीचे दिवस भरून चार दिवस उलटले होते. तपासणीत सगळं ठीक होतं. डॉक्टर म्हणाल्या, "एक्केचाळीस आठवडे पूर्ण होईपर्यंत कळा आल्या नाहीत तर औषध देऊन आणू. विचार करून सांगा." घरी आलो खरं, पण विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे दोघींनाही कळेना. तोवर तिच्या फोनवर दोन मजकूर येऊन पडले होते. एकात लिहिलं होतं की थांबलात तर बाळ दगावण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. दुसऱ्यात लिहिलं होतं की कळा आणायचं औषध घेतलं की शेवटी सिझेरियनच होतं. दोन्ही मजकुरांत "संशोधनाने सिद्ध झालंय" हे वाक्य होतं.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकलेली आहे. त्या रात्री आम्ही जे केलं आणि नंतर मैत्रिणींबरोबर बसून जे करत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. यातून डॉक्टरांची जागा भरून निघत नाही. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते मात्र कळतं, आणि मिळालेलं उत्तर समजतं.

आधी एक महत्त्वाचं. अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके, ताप, हिरवट किंवा घाण वासाचं पाणी जाणं, यांपैकी काहीही झालं तर वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा. हे सगळं काम हातात वेळ असताना करायचं आहे. सातव्या महिन्यात सुरुवात केली तर बरं. कळा सुरू झाल्यावर कुणालाच आकडे वाचवत नाहीत, आणि वाचावे लागूही नयेत.

पहिली पायरी: प्रश्न नीट मांडा

"सिझेरियन चांगलं की नॉर्मल?" या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण तो कुणाचा प्रश्न आहे तेच त्यात नाही. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: मी कोण, काय करायचं ठरतंय, त्याऐवजी काय करता येईल, आणि कशात फरक पडतो हे मला जाणून घ्यायचंय.

बहिणीचा प्रश्न आम्ही वहीत असा लिहिला: "पहिलटकरीण, बीपी आणि साखर ठीक, एकच बाळ, डोकं खाली, ४१ आठवडे पूर्ण होत आलेले. औषधाने कळा आणल्या, किंवा त्याऐवजी ४२ आठवड्यांपर्यंत तपासण्या करत थांबले, तर बाळाचा जीव, सिझेरियनची शक्यता आणि माझा त्रास यांत काय फरक पडेल?"

यातला "त्याऐवजी" हा शब्द सगळ्यात जास्त जपा. औषध घेतलं की सिझेरियन वाढतं, हा समज बराचसा या एका शब्दाच्या घोळातून आला आहे. जुन्या अनेक अभ्यासांत औषधाने कळा आणलेल्या बायकांची तुलना आपोआप कळा सुरू झालेल्या बायकांशी केली होती. पण बहिणीसमोर तो पर्याय नव्हताच. आज आपोआप कळा याव्यात हे ती ठरवू शकत नव्हती. तिच्या हातात दोनच गोष्टी होत्या, औषध घेणं किंवा वाट बघणं. वाट बघणाऱ्यांपैकी काहींना पुढे आपोआप कळा येतात, काहींचं बीपी वाढतं, काहींना शेवटी औषध द्यावंच लागतं. तुलना या सगळ्यांशी करायला हवी. कोणाला औषध द्यायचं आणि कोणी थांबायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचण्यांमध्ये ती तशी केली, तेव्हा औषधाच्या गटात सिझेरियनचं प्रमाण वाढलं नाही. उलट थोडं कमीच भरलं.

दुसरी पायरी: कुठे शोधायचं

वरून खाली या. एकेका अभ्यासापासून सुरुवात केली तर चार दिवसांत डोकं गरगरेल.

सगळ्यात वर मार्गदर्शक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या काळातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. एनिमा सरसकट देऊ नये, केस काढणं सरसकट करू नये, प्रसूतीच्या वेळी योनीमार्गाच्या तोंडाशी प्रत्येकीला सरसकट छेद देऊ नये, आई-बाळ ठीक असतील तर नाळ एक मिनिटाच्या आत कापू नये, कळांमध्ये सोबतीला आपलं माणूस असावं, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा नियमही त्यात बाजूला ठेवला आहे. १९५० च्या दशकात फ्रीडमन यांनी एकाच ठिकाणच्या काही शे बायकांवरून एक आलेख काढला, आणि पुढची अनेक दशकं जगभरातल्या बायकांना त्या रेघेवर मोजलं गेलं. आता जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरा, आणि फक्त वेग कमी आहे एवढ्यावरून घाई करू नका, असं संघटना सांगते. "तोंड उघडत नाहीये" हे वाक्य कानावर आलं तर कितव्या सेंटिमीटरला आहोत हे विचारण्यामागचं कारण हेच.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचना मोफत वाचता येतात आणि त्यांत कारणंही दिलेली असतात. आपल्या देशातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही बघा, कारण तुमचे डॉक्टर बहुधा त्याच पाळतात. कुठलीही सूचना वाचताना आधी वर्ष बघा.

त्याखाली कॉक्रनचे आढावे, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र मांडून काढलेलं उत्तर. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ मध्ये, पुराव्याशिवाय सगळ्यात जास्त उपचार करणारी शाखा म्हणून प्रसूतिशास्त्राला 'लाकडी चमचा' देऊ केला. शेवटून पहिला येणाऱ्याला देतात तो. आयन चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बोलणं मनावर घेतलं आणि बाळंतपणावरच्या चाचण्या एका जागी गोळा करायला घेतल्या. त्यातूनच पुढे १९९३ मध्ये कॉक्रन संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, ती एका खऱ्या आढाव्याची आकृती आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होण्याची चिन्हं असतील तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावं की नाही, हा तो प्रश्न. पहिली चाचणी लिगिन्स आणि हाऊवी यांनी न्यूझीलंडमध्ये केली, ती १९७२ मध्ये छापून आली. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण सगळ्यांची एकत्र मांडणी १९८९ पर्यंत कुणी केली नाही. मधल्या काळात, ज्यांना ते स्वस्त इंजेक्शन मिळालं असतं तर जगली असती अशी कितीतरी बाळं गेली. कॉक्रनचं पान उघडलं की मला दर वेळी त्या रेघा आठवतात, आणि एकट्यादुकट्या अभ्यासावर विसंबायचं नाही हे पुन्हा मनाशी पक्कं होतं.

कॉक्रनच्या प्रत्येक आढाव्याला सोप्या भाषेतला सारांश असतो. तो आधी वाचा. तिथे उत्तर मिळालं नाही तरच पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर जा आणि विषयाच्या नावापुढे 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण तो अभ्यासाचं नाव सांगेल तेव्हा तो अभ्यास पबमेडवर उघडून आपल्या डोळ्यांनी बघा. नसलेले अभ्यासही तो तितक्याच ठामपणे सांगतो.

तिसरी पायरी: लेख कुठल्या क्रमाने वाचायचा

निष्कर्ष शेवटी वाचा. आधी वाचले की त्याच चष्म्यातून बाकी सगळं दिसतं.

आधी बघायचं ते, गट कसे पाडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगाने पाडले असतील तर दोन्ही गटांतल्या बायका सुरुवातीला साधारण सारख्या असतात, आणि नंतर दिसलेला फरक उपचाराचा आहे असं म्हणायला आधार मिळतो. नुसत्या नोंदी बघून केलेला अभ्यास असेल तर सावध राहा. ज्यांना काही त्रास आहे त्यांनाच उपचार जास्त मिळतो, आणि मग त्रासाचे परिणाम उपचाराच्या नावावर जमा होतात. उलटंही होतं. घरी बाळंत होणाऱ्या बायका मुळातच निरोगी असतील, तर त्यांचं चांगलं झालं याचं सगळं श्रेय घराला देता येत नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी किती मोलाची असते हे डीईएस या औषधाच्या गोष्टीवरून कळतं. गर्भपात टळावा म्हणून १९४० च्या दशकापासून ते गरोदर बायकांना दिलं जात होतं. त्याचा काही उपयोग नाही, हे १९५३ मध्ये नीट तुलना करून केलेल्या चाचणीत दिसलं. तरीही ते दिलं जात राहिलं. ज्यांच्या आयांनी ते घेतलं होतं अशा काही तरुण मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मिळ कर्करोग दिसला, तेव्हा, म्हणजे १९७१ मध्ये, गरोदरपणात ते देऊ नका असं सांगण्यात आलं. उत्तर अठरा वर्षं छापील कागदावर पडून होतं.

त्यानंतर बघा, कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं, किती जणी होत्या, आणि मोजलं काय. मग निकालांचा तक्ता. आणि मग निष्कर्ष.

चौथी पायरी: प्रत्येक आकडा हजारात आणा

या पायरीवर घाई करू नका. माझ्या मते सगळ्या लेखातली ही मुख्य पायरी आहे.

३७ आठवडे भरल्यानंतर कळा आणण्याबद्दल कॉक्रनचा २०२० चा आढावा आहे, त्यातल्या बहुतेक चाचण्या ४१ आठवडे आणि त्यापुढच्या. त्यात ३४ चाचण्या आणि २१ हजारांहून जास्त बायका आहेत. कळा आणायच्या धोरणामुळे जन्माच्या आधी किंवा लगेच नंतर बाळ दगावण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा वाचून बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मी थांबले तर..." तिला वाक्य पुरं करवेना.

आम्ही आलेखवहीचं पान घेतलं आणि १००० छोट्या चौकोनांभोवती पेन्सिलीने चौकट आखली. एक चौकोन म्हणजे एक बाळ. थांबणाऱ्यांच्या गटात दगावलेली बाळं हजारात साधारण ३. तिने स्वतःच्या हाताने तीन चौकोन रंगवले. कळा आणलेल्यांच्या गटात हजारात ०.४, म्हणजे दुसऱ्या पानावर अर्धा चौकोनसुद्धा भरत नव्हता. आढाव्यानुसार एक मृत्यू टळायला सुमारे ५४४ जणींच्या कळा आणाव्या लागतात (आढावा चाचण्या एकत्र करताना वजन देऊन हिशेब करतो, म्हणून ६९ टक्के आणि ५४४ हे आकडे चौकोनांच्या साध्या वजाबाकीशी तंतोतंत जुळत नाहीत). ६९ टक्के आणि हे तीन चौकोन, दोन्ही एकाच माहितीतून निघतात आणि दोन्ही खरे आहेत. पण ६९ टक्क्यांनी तिची झोप उडाली होती, आणि चौकोन समोर आल्यावर तिला विचार करता यायला लागला.

ती त्या तीन चौकोनांकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मला हे तीन नकोत." एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी ती दाखल झाली. पुढे एका मैत्रिणीला, दुसऱ्या खेपेच्या वेळी, मी तेच पान दाखवलं. तिने ९९७ रिकामे चौकोन बघितले आणि डॉक्टरांशी बोलून, रोज तपासणी करत आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं. दोघींनीही आकडा समजून घेतला होता.

"पट" आणि "टक्के" दिसले की लगेच विचारा: कशाच्या किती टक्के? मुळात किती होतं? एकदा सिझेरियन झाल्यावर पुढच्या वेळी नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न केला तर गर्भाशयाचा जुना व्रण उसवण्याचा धोका "कैक पटींनी" वाढतो. खरं आहे. हजारात बघितलं तर तो साधारण ५ ते ७ इतका आहे. ५ ते ७ म्हणजे शून्य नव्हे. उसवला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, म्हणून लगेच सिझेरियन करता येईल अशाच ठिकाणी हा प्रयत्न करावा. त्याच पानावर दुसरा आकडाही लिहा: प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ७२ ते ७५ जणींची प्रसूती नॉर्मल होते, आणि पूर्वी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल तर त्याहून जास्त जणींची.

निकालाच्या शेजारी कंसात दोन आकडे असतात, कॉन्फिडन्स इंटरव्हलचे, म्हणजे खरं उत्तर बहुधा ज्यांच्या मध्ये असेल ती दोन टोकं. तुलनेच्या आकड्यात १ म्हणजे दोन्ही गट सारखे. कळा आणण्याबद्दलच्या वरच्या आढाव्यात उत्तर ०.३१ आहे आणि कंसात ०.१५ ते ०.६४. दोन्ही टोकं १ च्या खाली आहेत, म्हणून फायदा आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. कंसातले आकडे १ च्या दोन्ही बाजूंना पडले असतील तर फरक आहे की नाही हे त्या अभ्यासातून कळलेलं नाही. अशा वेळी "फरक नाही" असं लिहिलेलं दिसलं तरी "कळलं नाही" असं वाचा, विशेषतः बायका थोड्या असतील तेव्हा.

फायदा आणि तोटा एकाच मापात मोजा. कळा चालू असताना बाळाचे ठोके यंत्राने सतत नोंदवायचे की ठरावीक वेळाने ऐकायचे, यावर कॉक्रनचा २०१७ चा आढावा आहे, ३७ हजारांहून जास्त बायकांचा. सतत नोंदवल्याने नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, ढोबळमानाने हजारात ३ ऐवजी दीड. सिझेरियनचं प्रमाण मात्र दीडपटीहून जास्त झालं. बाळ दगावणं किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) यांत स्पष्ट फरक दिसला नाही. एकाच यंत्राबद्दल "झटके निम्मे" म्हणणाराही खरं बोलतो आणि "सिझेरियन वाढतात" म्हणणाराही. तुमच्या वहीत दोन्ही शेजारी शेजारी हवेत.

पाचवी पायरी: यात मी बसते का?

अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली अराइव्ह ही चाचणी घ्या. कुठलीही गुंतागुंत नसलेल्या ६१०६ पहिलटकरणींपैकी निम्म्यांच्या कळा ३९ व्या आठवड्यात आणल्या. त्यांच्यात सिझेरियन १८.६ टक्के झाली, थांबलेल्यांमध्ये २२.२ टक्के. यावरून "एकोणचाळिसाव्याला सगळ्यांनी कळा आणाव्यात" असं काही जण म्हणू लागले. पण चाचणीसाठी योग्य ठरलेल्या बायकांपैकी साधारण चौथा हिस्साच सहभागी व्हायला तयार झाला. आणि औषध देऊन गर्भाशयाचं तोंड उघडेपर्यंत पुरेसा वेळ द्यायचा, लगेच "फेल" म्हणायचं नाही, हे तिथे पाळलं गेलं. तुमच्या दवाखान्यात बारा तासांत निर्णय होत असेल, तर तो १८.६ चा आकडा तुमचा नाही.

पायाळू बाळाची कथा याहून बोलकी आहे. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात टर्म ब्रीच ट्रायल ही चाचणी छापून आली: २६ देश, १२१ केंद्रं, २०८८ बायका. ठरवून केलेल्या सिझेरियनच्या गटात १.६ टक्के बाळं दगावली किंवा त्यांना गंभीर त्रास झाला, नॉर्मलच्या गटात ५ टक्के. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांसाठी होणारी सिझेरियन दोनच महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली. चार वर्षांनी, मुलं दोन वर्षांची झाल्यावर, पुन्हा पाहिलं तेव्हा मृत्यू किंवा वाढीतला अडथळा यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. आणि २००६ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधला आठ हजारांवर बायकांचा अभ्यास आला. तिथे कोणाला प्रयत्न करू द्यायचा याची निवड कडक होती आणि पायाळू बाळ काढायचा सराव असलेले हात होते. तिथे ठरवून केलेलं सिझेरियन आणि नॉर्मलचा प्रयत्न यांत बाळाच्या दृष्टीने मोठा फरक पडला नाही.

म्हणून पायाळू बाळाच्या वेळी "संशोधन काय म्हणतं" याच्या जोडीला विचारायचा प्रश्न असा: "इथे पायाळू बाळाची नॉर्मल प्रसूती शेवटची कधी झाली, आणि कोणी केली?" हात सरावाचे नसतील तर सिझेरियनच बरं, असं मी स्वतः म्हणेन. त्याआधी, बाळ बाहेरून हलक्या हातांनी फिरवून डोकं खाली आणता येईल का, हेही विचारा.

इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ६४ हजारांवर बायकांच्या अभ्यासालाही हेच लागू आहे. धोका कमी असलेल्या पहिलटकरणींनी घरी प्रसूती करायचं ठरवलं तेव्हा बाळाला गंभीर त्रास हजारात ९.३ होता, दवाखान्यात ५.३. आधी मूल झालेल्यांमध्ये फरक नव्हता. हे वाचून घरी राहायचं ठरवण्याआधी लक्षात घ्या की तिथे प्रशिक्षित सुईण सोबत असते आणि गरज पडली की दवाखान्यात हलवण्याची सोय जोडलेली असते. पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के बायकांना हलवावंही लागलं. ती साखळी तुमच्याकडे नसेल तर ते आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

सहावी पायरी: काय मोजलं नाही?

पाच-सहा परिणाम एकत्र करून बनवलेल्या आकड्यापाशी थांबा. स्वीडनमध्ये ४१ व्या आठवड्यात कळा आणणं आणि ४२ पर्यंत थांबणं यांची तुलना करणारी चाचणी २०१९ मध्ये छापून आली. एकत्रित परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा: २.४ आणि २.२ टक्के. पण त्याच्या पोटात बघितलं तर थांबलेल्या गटात ६ बाळं दगावली होती आणि दुसऱ्यात एकही नाही, आणि त्यासाठीच चाचणी मध्येच थांबवावी लागली. किरकोळ आणि जीवघेणं एकाच पोत्यात भरलं की असं होतं.

उलट बाजूने, आईला काय वाटलं, टाके किती दिवस दुखले, अंगावर पाजायला त्रास झाला का, पुढच्या गरोदरपणात वार खाली किंवा जुन्या व्रणावर चिकटली का, हे कितीतरी अभ्यासांत नसतंच. तुम्हाला आणखी मुलं हवी असतील तर पहिल्या सिझेरियनचा हिशेब पुढच्या बाळंतपणापर्यंत लांबवून करा.

बाईच्या बाजूचं ज्यांनी मोजलं, त्यांतला एक निकाल मी प्रत्येकीला सांगते. कळा चालू असताना कुणीतरी सतत जवळ असणं, पाठ चोळणं, धीर देणं, यावर २६ चाचण्या आणि जवळपास १६ हजार बायकांचा कॉक्रन आढावा आहे. सोबत असलेल्यांमध्ये सिझेरियन कमी, दुखणं थांबवायची औषधं कमी, कळांचा वेळ थोडा कमी, आणि बाळंतपणाबद्दल वाईट आठवण राहणाऱ्याही कमी. यातून काही नुकसान दिसलं नाही. माझ्या मते दवाखाना निवडताना पहिला प्रश्न हाच असावा: प्रसूतीच्या खोलीत सोबत कुणाला येऊ देता का?

बाकी थोडक्यात. कळांचं दुखणं थांबवायला कण्यातलं भुलीचं इंजेक्शन (एपिड्युरल) घेतल्याने सिझेरियन वाढत नाही, हे ४० चाचण्यांच्या आढाव्यात दिसलं आहे. दुखणं सहन होत नसेल तर ते मागताना अपराधी वाटून घेऊ नका. तोंड पूर्ण उघडेपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात पाठीवर झोपून राहण्याऐवजी उभं राहणं, चालणं, टेकून बसणं यांनी तो टप्पा सरासरी तासाभराहून जास्त कमी होतो. आणि छेद सरसकट देण्याऐवजी गरजेपुरता दिला तर गंभीर इजा साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात.

सातवी पायरी: डॉक्टरांशी बोलणं

वाचलेलं सगळं घेऊन डॉक्टरांवर चाल करून जाऊ नका. आमच्या पहिल्याच भेटीत माझं हे चुकलं होतं. मी छापील कागदांची चळत टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांचा चेहरा बंद झाला. पुढच्या वेळी बहिणीने एकच चिठ्ठी नेली, तिच्यावर चार प्रश्न होते:

"याचा मला आणि बाळाला फायदा काय, हजारात किती? धोका काय, हजारात किती? याशिवाय दुसरं काय करता येईल? आणि आज काहीच केलं नाही, थांबलो, तर काय होईल?"

डॉक्टरांनी पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. आमच्या हाती न लागलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली: दोन चाचण्यांमधल्या प्रत्येक बाईची माहिती एकत्र करून २०२० मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा कळा आणण्याचा फायदा पहिलटकरणींमध्ये दिसला. आधी मूल झालेल्यांमध्ये वाईट घटना इतक्या कमी होत्या की फरक सांगता येईना. बहीण पहिलटकरीण होती. निर्णय तिथेच सोपा झाला.

आणखी दोन प्रश्न कामाचे: "माझ्या तब्येतीत असं काही आहे का, ज्यामुळे हे आकडे मला लागू होत नाहीत?" आणि "हे आत्ताच ठरवायला हवं का, की अर्धा तास आहे?" खरोखरची घाई असेल तर डॉक्टर तसं स्पष्ट सांगतात. बाळाचे ठोके खाली गेले, रक्त थांबत नाही, अशा वेळी चर्चेला जागा नसते आणि तेव्हा त्यांच्या हातांवर विश्वास टाकायचा असतो. अर्धा तास असेल तर तो मागून घ्या.

उत्तर म्हणून नुसतंच "आम्ही इथे असंच करतो" मिळालं, तर आवाज न चढवता पुन्हा विचारा: "माझ्या बाबतीत का?" तरीही कारण मिळालं नाही आणि दिवस हातात असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सल्ला स्वीकारायचा की नाकारायचा हे तुम्हीच ठरवायचं आहे. उपचारातले महत्त्वाचे धोके आणि दुसरे पर्याय बाईला सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बाळंतपणाच्याच एका खटल्यात ठरवून दिलं.

आठवी पायरी: एका कागदावर

आठवा महिना संपायच्या आत एक पान तयार करा. वरती तब्येतीची माहिती: रक्तगट, बीपी, साखर, आधीची बाळंतपणं आणि ऑपरेशनं, कशाची अ‍ॅलर्जी. खाली ठरलेल्या गोष्टी, प्रत्येक एका ओळीत: सोबत कोण असणार, ठोके कसे ऐकायचे, दुखणं कमी करायला काय हवं, छेद गरज पडली तरच, नाळ कापायला थोडं थांबायचं, बाळ लगेच छातीवर. आणि प्रत्येक ओळीसमोर "बदलायचं कधी" हेही लिहा, उदाहरणार्थ "बाळाला श्वासाला मदत लागली तर नाळेसाठी थांबू नका." हा रकाना असला की दवाखान्यातली माणसं कागद वाचतात. त्यांना दिसतं की तुम्ही हट्टाला बसलेल्या नाही.

तो कागद डॉक्टरांना शेवटच्या दोन-तीन तपासण्यांपैकी एकीत दाखवा. जिथे त्या "नाही" म्हणतील तिथे कारण विचारून शेजारी लिहून ठेवा. मग स्वच्छ अक्षरात दोन प्रती काढा. एक तुमच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, आणि दुसरी जो माणूस तुमच्याबरोबर आत येणार आहे त्याच्याकडे द्या. त्याने ती आदल्या आठवड्यात तुमच्यासमोर बसून एकदा मोठ्याने वाचलेली असू द्या.